कार्टून संपलं की रडू का येतं?

2023 चा पाडवा बुधवारी आला होता. त्यानंतरच्या शुक्रवारी रात्री आमच्या घरी भाकरी थापून झाल्या, पिठलं निवत आलं, तरी लहान्या काही चादरीतून बाहेर येईना. लहान्या म्हणजे माझा पुतण्या, तेव्हा 11 वर्षांचा. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. मारुतीच्या देवळात त्याच दिवशी रामनवमीचा सप्ताह बसला होता. भोंग्यावर हरिपाठ चालू होता, आणि त्या आवाजातही पोराचे हुंदके ऐकू येत होते.

आईनं मला विचारलं, "काहून रडून रायलं बे हे पोट्टं?"

"त्याचं कार्टून संपलं."

"मंग दुसरं लाव म्हना."

"दुसरं नाही पाहिजे त्याले. त्यातला पोट्टा गेला."

"मेला?"

"नाही वं, गेला फक्त."

चादरीतून आवाज आला, "कुठं नाही गेला. आता दाखवनार नाहीत त्याले."

आई क्षणभर थांबली. "दाखवनार नाहीत म्हंजे हाये ना तो? मंग रडतं काहून?"

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण खरं सांगायचं तर त्या रात्री मलाही नीट झोप आली नव्हती, आणि मी 28 वर्षांचा, गावात पोरांच्या शिकवण्या घेणारा माणूस. आईचा प्रश्न साधा होता, उत्तर साधं नाही. मानसशास्त्रवाले या गोष्टीवर बरीच वर्षं डोकं खाजवत आहेत. त्यांनी काय शोधलं आणि त्यातलं मला काय पटलं, ते सांगतो.

आधी झालं काय होतं ते. जपानमध्ये 'पोकेमॉन' नावाची मालिका 1 एप्रिल 1997 ला सुरू झाली. त्यातला ॲश हा लाल-पांढरी टोपी घालणारा दहा वर्षांचा पोरगा, आणि त्याचा पिवळा, गालांतून वीज सोडणारा पिकाचू. जपानीत ॲशचं नाव सातोशी. ज्यांनी मुळात पोकेमॉनचा व्हिडिओ गेम तयार केला त्या सातोशी ताजिरींचंच नाव त्याला दिलेलं. हे दोघं 24 मार्च 2023 पर्यंत रस्ता तुडवत राहिले. म्हणजे 26 वर्षांना एक आठवडा कमी, आणि भाग बाराशेच्या वर. त्या शुक्रवारी जपानमध्ये संध्याकाळ झाली तेव्हा आपल्याकडे टळटळीत दुपार होती. दिवेलागणीपर्यंत त्या शेवटच्या भागाचे तुकडे लहान्याच्या मोबाइलवर येऊन पडले.

एक गोष्ट इथेच नीट करून घेऊ, कारण त्यावरून पोरांत भांडणं होतात. पोकेमॉन मालिका बंद पडली नाही. तीन आठवड्यांनी, 14 एप्रिलला, लिको आणि रॉय अशा दोन नव्या मुलांना घेऊन ती पुन्हा सुरू झाली. त्यात एक पिकाचूही आहे, डोक्यावर कॅप्टनची टोपी घातलेला. लहान्याच्या भाषेत तो 'डुप्लिकेट'. तर पाटी तीच, दुकान तेच, गल्ल्यावर बसणारा माणूस बदलला. आणि रडू आलं ते माणसासाठी, दुकानासाठी नाही.

हा ॲश इतकी वर्षं टिकला कसा, हेही समजून घेण्यासारखं आहे. बऱ्याच जपानी मालिका चित्रकथांवरून निघतात. चित्रकथा संपली की मालिकेलाही कधीतरी संपावं लागतं. 'नारुतो'ची चित्रकथा नोव्हेंबर 2014 मध्ये संपली. मालिका तिच्या मागे रेंगाळत, मधेमधे भरतीच्या गोष्टी घालत मार्च 2017 पर्यंत चालली, पण संपली. पोकेमॉनचं तसं नव्हतं. ती व्हिडिओ गेमवरून निघाली, आणि काही वर्षांनी नवा गेम आला की नवा मुलूख, नवे प्राणी, नवी स्पर्धा. ॲश आपले सगळे जिवाभावाचे प्राणी मागे ठेवून फक्त पिकाचूला घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. आपल्याकडे सालगडी कसा दर पाडव्याला नवं साल धरतो, तसं. मागच्या साली कितीही राबला असला तरी नव्या मालकाच्या वावरात पहिला दिवस तो पहिला दिवसच. आणि वय? दर साली दहाच.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर ही जरा लबाडीच होती. पोरगा एवढे कष्ट करतो आणि मोठ्या स्पर्धेत दर वेळी कुठल्या ना कुठल्या फेरीत हरतो. 2016 मध्ये तो कालोस नावाच्या मुलखातल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरला तेव्हा जगभरच्या पोरांनी इंटरनेटवर असा कल्ला केला की विचारू नका. 2019 मध्ये अलोला या मुलखातली स्पर्धा जिंकला. नोव्हेंबर 2022 मध्ये तोवरच्या जगज्जेत्या लिऑनला हरवून स्वतः जगज्जेता झाला. आणि पुढच्याच महिन्यात, 16 डिसेंबरला, बातमी आली की ॲशचे आता फक्त 11 भाग उरलेत.

या 16 डिसेंबरचा एक जुना हिशोब आहे. 1997 मध्ये याच तारखेला या मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश इतक्या वेगानं लुकलुकला की जपानमधल्या 600 हून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद होती. तेव्हाच कायमची बंद झाली असती तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आता मूळ प्रश्न. जो माणूस कधी नव्हताच, तो दिसणार नाही म्हणून वाईट कसं वाटतं?

1956 साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी संशोधकांनी एक निबंध लिहिला. तेव्हा तिकडे टीव्ही घराघरात शिरत होता. त्यांचं म्हणणं असं की पडद्यावरचा माणूस आपल्याकडे बघून, आपल्याशीच बोलल्यासारखा बोलतो, रोज ठरल्या वेळी येतो, आणि हळूहळू आपल्याला तो ओळखीचा वाटायला लागतो. त्याची खोड आपल्याला माहीत, त्याचा राग माहीत. त्याला मात्र आपण कोण हे ठाऊकच नसतं. या एकतर्फी ओळखीला त्यांनी 'पॅरासोशल' असा शब्द वापरला. शब्द जड आहे, गोष्ट जड नाही. आमचे आबाजी आकाशवाणी नागपूरवरचा शेतीचा कार्यक्रम ऐकायचे. तिकडून आवाज यायचा, "शेतकरी बंधूंनो, फवारणी केली असेलच." आबाजी बिडी विझवत रेडिओला सांगायचे, "हो ना बाप्पा, परवाच केली." तो निवेदक आबाजींच्या लेखी गावातलाच एक माणूस होता. एकदा आवाज बदलला तेव्हा दोन दिवस ते म्हणत होते, "आपला मानूस दिसत नाही."

ओळख म्हणजे तरी काय असते? एखाद्याचा चेहरा वारंवार दिसणं, आवाज कानावर पडणं, तो कशावर चिडेल याचा अंदाज बांधता येणं. या तिन्ही गोष्टी ॲशच्या बाबतीत लहान्याकडे भरपूर होत्या. नागपूरला राहणाऱ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत त्याच्याकडे यातलं फार काही नाही. आत्या वर्षातून दोनदा येते, ॲश रोज यायचा. 1968 मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी ती आवडायला लागते, त्यासाठी तिनं आपलं काही भलं करावं लागत नाही. अर्थहीन शब्द, अनोळखी चिन्हं, अशा गोष्टींवरही त्यानं हे तपासलं होतं. बाराशे भाग तर लांबच राहिले.

बरं, ओळख एकतर्फी असली तरी तुटल्याचं दुखणं खरं असतं का? 2004 मध्ये 'फ्रेंड्स' ही अमेरिकी मालिका दहा वर्षांनी संपली, तेव्हा केरेन इयाल आणि जोनाथन कोहेन यांनी ती पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना हेच विचारलं. 2006 मध्ये त्यांचं काम छापून आलं. मालिका संपल्यावर जे वाटतं ते खऱ्या ताटातुटीच्याच जातीचं असतं, फक्त त्याची धार कमी असते, असं त्यांना दिसलं. ज्याचं आवडत्या पात्राशी नातं घट्ट, त्याला जास्त लागलं. ज्याला मुळात एकटेपणा जास्त, त्यालाही जास्त लागलं.

हे वाचल्यावर मी लहान्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. आमच्या गल्लीत त्याच्या वयाचं दुसरं पोरगं नाही. दोन घरं पुण्याला गेली, एक यवतमाळला. दुपारी वावरातून माणसं यायच्या आत घरात तो, आजी आणि मोबाइल.

आता माझी गोष्ट. मी ॲशला पहिल्यांदा पाहिलं ते 2004 मध्ये, दारव्ह्याला मामाकडे. आमच्या गावात केबल नव्हती. दिवाळीत आणि उन्हाळ्यात मामाकडे गेलो की कार्टून नेटवर्क, हिंदीतून. घरात वऱ्हाडी बोलणारे आम्ही मामेभाऊ-आतेभाऊ खेळताना एकदम हिंदीत शिरायचो, "चलो पिकाचू!" चिप्सच्या पाकिटातले टॅझो, म्हणजे चित्रांच्या चकत्या, गोळा करायचे. ते दाणकन आपटून दुसऱ्याचे उलटवायचे, उलटला तो आपला. माझ्याकडे दोन पिकाचू होते, त्यातला एक मी कधीच डावावर लावला नाही.

मग भारनियमनाची वर्षं आली. तोवर आमच्याकडे डिश आली होती, पण वीज दिवसाचे दहा-बारा तास नसायची. ऐन सामन्याच्या मधोमध टीव्ही ठप्प. मला आज जे भाग आठवतात ते पूर्ण पाहिलेले नाहीत, विजेनं अर्धवट तोडलेलेच आठवतात. याचंही एक शास्त्र आहे. ब्लुमा झायगार्निक या बाईंनी 1927 मध्ये मांडलं की पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं. चहाटपरीवाल्याला उधारी लक्षात राहते आणि रोखीवालं गिऱ्हाईक नाही, तसं काहीसं. नंतरच्या प्रयोगांत हे दर वेळी तसंच दिसलं असं नाही, म्हणून त्यावर फार भार देत नाही. पण आमच्या टीव्हीपुरतं ते शंभर टक्के खरं होतं.

तर मी 9 वर्षांचा होतो आणि ॲश 10 चा. म्हणजे तो दादा होता. पुढच्या वर्षी तो माझ्या बरोबरीचा झाला. त्यानंतर मी दहावी झालो, यवतमाळला कॉलेजला गेलो, घरी परत आलो, शिकवण्या सुरू केल्या. हा आपला दहाचाच. शेवटी शेवटी तो पडद्यावर काही आगाऊपणा करायला लागला की माझ्या तोंडून, वर्गातल्या पोराला म्हणावं तसं, "अबे बस ना खाली," असं निघायचं.

आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. हाडामांसाच्या नटांची मालिका लांबली तर नटही आपल्यासोबत म्हातारे होतात. कार्टूनमधला पोरगा जागचा हलत नाही. दाराच्या चौकटीवर पोरांची उंची पेन्सिलीनं आखून ठेवतात, त्या चौकटीसारखा तो उभा असतो. आपण किती वाढलो ते चौकट हलत नाही म्हणूनच कळतं. लहान्यानं तर त्याला नुकतंच, एका वर्षापूर्वी ओलांडलं होतं. मालिका संपली तेव्हा त्या चौकटीसकट दार काढून नेल्यासारखं झालं. गोष्ट पुढे काय होणार याचं दुःख त्यात थोडं असतं. जास्त दुःख याचं असतं की आपण मागे वळून बघू तिथं आता तो उभा नसेल, आणि आपलंही दहावं वर्ष त्याच्यासोबत गेलं.

आमच्या भागातल्या वाचकांना हे शकुंतला रेल्वेवरून लगेच कळेल. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. बंद पडली तेव्हा हळहळणाऱ्यांत असे कितीतरी होते ज्यांनी तिच्यात वर्षानुवर्षं पाय ठेवला नव्हता. बसनंच जायचे सगळे. पण ती आहे, हे माहीत असणं वेगळं.

दुःखासोबत राग का येतो, हा पुढचा भाग. मालिका संपली की निम्मे चाहते रडतात आणि निम्मे शिव्या देतात. 'अटॅक ऑन टायटन'ची चित्रकथा 2021 च्या एप्रिलमध्ये संपली तेव्हा शेवट पटला नाही म्हणून चाहत्यांनी रान उठवलं. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये मालिकेचा शेवट आला तेव्हा त्यातले काही संवाद बदललेले होते. दहा वर्षं आनंद दिला, शेवटची पाच पानं बिघडली, आणि लोक म्हणायला लागले की सगळंच वाया गेलं. हे अन्यायाचं वाटतं, पण मन असंच हिशोब करतं.

डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. माणसांना एकदा 60 सेकंद 14 अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात हात बुडवायला सांगितला. दुसऱ्यांदा तेच 60 सेकंद, तेवढंच गार पाणी, आणि वर आणखी 30 सेकंद, पण त्या 30 सेकंदांत पाण्याचा गारवा हळूहळू एका अंशानं कमी केला. मग विचारलं, यातलं एक पुन्हा करायचं असेल तर कोणतं कराल? बहुतेकांनी दुसरं निवडलं. म्हणजे दीडपट वेळ त्रास सोसायला ते तयार, का, तर शेवट जरा बरा होता. पुसाच्या थंडीत पहाटे विहिरीच्या हौदात हात घातलेल्या कोणालाही विचारा, शेवटी चुलीजवळ बसायला मिळालं असेल तर तो ती सकाळ 'मस्त' म्हणूनच सांगेल. मन अख्ख्या काळाची बेरीज करत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवटचा क्षण, या दोन्हींवरून भाव ठरवतं. म्हणून शेवटच्या भागावर एवढी मारामारी. तिथं सगळ्या 26 वर्षांची किंमत लावली जाते.

आणि हे आजचं नाही, कार्टूनपुरतंही नाही. 1893 च्या डिसेंबरात आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला मारून टाकलं तेव्हा चिडलेल्या वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. दहा वर्षांनी, 1903 मध्ये, डॉयलना त्याला जिवंत करून आणावं लागलं.

शेवट दिलाच नाही तर? तेही करून बघितलेलं आहे. डोरेमॉन. 1974 मध्ये या चित्रकथेत डोरेमॉन नोबिताचा निरोप घेऊन निघून गेला होता, आणि पुढच्याच महिन्यात परत आला. निर्माते फुजिको एफ. फुजिओ 1996 मध्ये वारले, खरा शेवट न लिहिता. मालिका आजही चालू आहे. मग काय झालं? लोकांनी स्वतःच शेवट रचले. नोबिता मुळात दवाखान्यात बेशुद्ध पडलेला असतो आणि डोरेमॉन हे त्याचं स्वप्न, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. माझ्या शिकवणीतल्या सातवीच्या पोरीनं ती मला शपथेवर सांगितली आहे, तिच्या मावसबहिणीनं 'जपानी पेपरात' वाचलंय म्हणे. जपानमध्ये एका चाहत्यानं तर आपल्या मनाचा शेवट काढून पुस्तिका छापली आणि विकली. हक्क असलेल्यांनी हरकत घेतली तेव्हा त्याला माफी मागावी लागली.

म्हणजे शेवट झाला तर रडतात, चुकीचा झाला तर भांडतात, आणि नाही झाला तर घरी बसून तयार करतात. यावरून मला वाटतं की लोकांना शेवट नको असतो असं नाही. त्यांना संपवायची रीत हवी असते.

आपल्याकडे त्या रीती भरपूर आहेत. सप्ताह सात दिवस चालतो आणि आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. कीर्तनकार कृष्णाच्या खोड्या सांगतात, दहीहंडी फुटते, सगळ्यांच्या तळहातावर काला पडतो, मग महाप्रसादाच्या पंगती. त्या दिवशी देवळातून घरी येताना कोणी म्हणत नाही की संपला, आता काय करू. भुलाबाईची गाणी भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत चालतात, आणि रोज शेवटी खिरापत ओळखायची असते. डबा हलवून, वास घेऊन, "गोड का तिखट?" विचारून. गणपती बुडवताना तर पुढच्या वर्षीचं आमंत्रणच दिलेलं असतं. या सगळ्यात तीन गोष्टी सारख्या आहेत: संपणार हे आधी माहीत असतं, संपताना सगळे एका जागी असतात, आणि हातावर खायला काहीतरी पडतं.

पोकेमॉनवाल्यांनी त्यांच्या परीनं काला केलाही. शेवटच्या 11 भागांत जुने सोबती मिस्टी आणि ब्रॉक परत आले. 1997 मध्ये ज्या फुलपाखराला, बटरफ्रीला, ॲशनं रडत सोडून दिलं होतं, तेही पुन्हा दिसलं. आणि 'पोकेमॉन मास्टर व्हायचं म्हणजे नक्की काय', हा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न शेवटी ॲशला विचारला गेला. त्याचं उत्तर होतं, जगातल्या सगळ्या पोकेमॉनशी मैत्री करायची. जगज्जेता होऊन झाल्यावर हे उत्तर देणं मला फार शहाणपणाचं वाटलं. जिंकून संपवलं असतं तर ते टाळ्यांवर संपलं असतं. हे रस्त्यावर संपलं, तो चालतच राहिला. म्हणून तर लहान्या म्हणाला, कुठं नाही गेला.

पण हा काला जपानमधल्या पोरांना मिळाला. आमच्या पोरांना काय मिळालं? 30-30 सेकंदांच्या रील. जपानी आवाज, खाली इंग्रजी अक्षरं, वर कोणीतरी रडकं हिंदी गाणं चिकटवलेलं. शेवट आधी कळला, गोष्ट नंतर. पंगतीला न बसवता कोणी हातावर बुंदीचे चार दाणे टेकवून "झालं बरं का, घरी जा" म्हणावं, तसं. माझ्या मते लहान्याच्या रडण्यातला निम्मा भाग या अपमानाचा होता.

उरलेल्या भागाचं कारण आम्ही होतो. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं 1989 मध्ये एक कल्पना मांडली. काही दुःखं अशी असतात की ती करायचा हक्कच समाज देत नाही. नवरा गेला तर बाईला लोक भेटायला येतात, पण ज्याच्याशी नातं जगाला मान्य नाही असं कोणी गेलं तर तिनं रडायचंही चोरून. आमच्याकडे बैल गेला तर घरात चूल पेटत नाही, शेजारून भाकरी येते, कारण बैलाचं दुःख गावाला मान्य आहे. कार्टूनचं दुःख मान्य नाही. भाऊ आत येऊन म्हणाला, "मोबाइल फोडून टाकतो आता." वहिनी म्हणाली, "अभ्यासासाठी कधी एवढा रडला नाहीस." दोघंही वाईट नाहीत. पण अकरा वर्षांच्या पोराला त्या रात्री दोन ओझी झाली, एक ॲशचं आणि एक आपण मूर्ख ठरल्याचं.

मग करायचं काय, असं शिकवणीतल्या एका पोराच्या वडिलांनी मला नंतर विचारलं होतं. फार काही नाही. त्याला गोष्ट सांगू द्यायची, पहिल्यापासून. आपल्याला अर्धी कळणार नाही, तरी ऐकायची. "दुसरं लाव" म्हणायचं नाही, निदान आठवडाभर तरी. बहुतेक पोरं तेवढ्यात खेळायला लागतात. महिना झाला तरी पोरगं जेवत नसेल, झोपत नसेल, तर मात्र कारण कार्टून नाही, दुसरं काहीतरी आहे, आणि ते शांतपणे विचारायला हवं.

आमच्या घरी ते ऐकायचं काम आईनं केलं. मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती तुरी निवडत बसली होती आणि लहान्या समोर बसून तिला कांटोपासून, म्हणजे ॲशच्या पहिल्या मुलखापासून, सांगत होता. आई मधेच विचारायची, "मंग त्याची माय एकटीच राह्यते का घरी?" बाराशे भागांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. सप्ताहाचा काला होईपर्यंत त्यांची जोहतोपर्यंत, म्हणजे दुसऱ्या मुलखापर्यंत, मजल गेली होती. पुढचं सगळं मे महिन्यात, अंगणात बाजेवर.

सप्टेंबरात तान्हा पोळा आला. लहान्याचा लाकडी बैल जुना, माझ्याच वेळचा, एक शिंग मोडलेला. त्यानं झूल घातली, बेगड लावली, आणि मोडक्या शिंगावर पुठ्ठ्याची लाल-पांढरी टोपी अडकवली. घरोघर फिरून बोजारा गोळा करत तो शेवटी आमच्या ओसरीवर आला.

आईनं बैलाला कुंकू लावलं. टोपीकडे बघितलं.

"हे त्याची टोपी काय?"

"हो वं आजी."

आई आत गेली, डब्यातून दहाच्या दोन नोटा घेऊन आली. "मंग दोघायचा बोजारा द्या लागते," म्हणाली. लहान्यानं एक नोट खिशात घातली. दुसरी घडी करून टोपीच्या आत खोचली, आणि बैलाची दोरी ओढत पुढच्या घरी गेला.